त्रेचाळिसावी

पाळीव या शब्दाचा आम्ही चौथीत लावलेला अर्थ असा होता : ज्याला पाळीपाळीने घरी न्यायचं, तो पाळीव. हा अर्थ आम्हाला कोणी शिकवला नव्हता. आम्हीच ठरवला होता आणि त्यावर वर्गात कोणाचंही दुमत नव्हतं.

परवा लेकीला गृहपाठ आला. वर्गातला पाळीव प्राणी आणि मैत्री, अशा विषयावर गोष्ट लिहायची. ओळी बारा. शेवटी बोध लिहायचा, बोधाला दोन गुण. ती नाशिकला शाळेत जाते. त्यांच्याकडे ऑफिसबाहेर काचेच्या टाकीत मासे आहेत आणि टाकीला हात लावायचा नाही अशी पाटी आहे. त्यामुळे गोष्ट कोणाची लिहायची, हा प्रश्न तिने माझ्याकडे ढकलला.

"बाबा, तुमच्या वर्गात काय होतं?"

"खार."

"हॅमस्टरसारखी?"

हॅमस्टर मी पाहिलेला नाही. खारीसारखी खार, म्हटलं. आणि सांगायला बसलो, तर बारा ओळींत पाट फोडण्यापर्यंतसुद्धा पोचलो नाही.

पाट फोडणं म्हणजे काय, ते आधी सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमचं गाव साक्रीच्या अंगाला, पांझरेच्या काठचं. पांझरेवर ठिकठिकाणी जुने दगडी बंधारे आहेत, आणि त्या बंधाऱ्यांच्या पाण्यावर तीन-चारशे वर्षं चालत आलेली फड पद्धत आहे. बंधाऱ्यातून पाट निघतो. त्या पाटाखाली भिजणारी जमीन ती थळ. थळाचे फड पाडलेले, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. यंदा या फडात ऊस, त्या फडात गहू, पुढच्या साली अदलाबदल. आणि पाणी पाळीने. पाळी कोणाची हे जमीनमालक ठरवत नाही, पाटकरी ठरवतो. खांद्यावर फावडं टाकून तो बांधाबांधाने फिरतो, एकाची बारी फोडतो, दुसऱ्याची बुजतो. नदीला पाणी कमी आलं तर सगळ्यांनाच कमी. माझे आजोबा, आबा, असे पाटकरी होते. त्यांना घड्याळ वाचता येत नव्हतं. पण कोणाचं वावर किती वेळात भिजतं ते त्यांना सावलीवरून कळायचं, आणि रात्री चांदण्यांवरून. पाळीवरून भांडण झालं की लोक आमच्या ओट्यावर यायचे. मी कोपऱ्यात बसून ऐकायचो. थोडक्यात, पाळी लावणं हे आमच्या घराण्याचं काम आहे अशी माझी नवव्या वर्षीच समजूत झाली होती.

तर १९९१ सालचा पावसाळा. शाळा जिल्हा परिषदेची, दोन खोल्या, वर कौलं. आमच्या खोलीत तिसरी आणि चौथी एकत्र, पट ४२. जुलैत कौलं गळायला लागली तेव्हा गुरुजींनी एका माणसाला वर चढवलं. त्याने आढ्यापाशी दोन कौलं सरकवली आणि खाली फरशीवर एक बोचकं पडलं. नुसता कापूस. खानदेशात कापसाला काय तोटा, पण हा वेचून आणलेला होता. कोणाच्या तरी गादीतला मळका, कोणाच्या वावरातला बोंडासकटचा, मधे सुतळीचे तुकडे आणि गेल्या पंधरा ऑगस्टच्या पताकांचा लाल दोरा. त्यात तीन पिल्लं. दोन पडल्यापडल्याच गेली. तिसरं बोटाएवढं, डोळे मिटलेले, अंगावर लव जेमतेम, आणि पाठीवर पट्टे मात्र आधीच आखून ठेवल्यासारखे.

आज कळतं ते त्या दिवशी कळायला हवं होतं. घरट्याचं बोचकं उचलून परत वर ठेवलं असतं आणि माणसं बाजूला झाली असती, तर आई येऊन पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे घेऊन गेली असती. खारी तसं करतात. ती कडुलिंबावर चिर्रर्र चिर्रर्र ओरडत होती, ते आम्ही बेचाळीस जणांनी ऐकलं. कौतुकाने ऐकलं.

गुरुजींनी खडूचा लाकडी खोका रिकामा केला, कापूस आत घातला, पिल्लू त्यावर ठेवलं. दुपारी फळ्याच्या कोपऱ्यात नेहमी पट आणि हजेरी लिहिलेली असायची. गुरुजींनी ४२ मधला दोन पुसून तीन केला. त्यावरून तिचं नाव त्रेचाळीस पडलं. (पुढे तपासणीला साहेब आले, तेव्हा गुरुजींनी पाठ न वळवता, हात मागे नेऊन, तळव्यानेच तो तीन पुसला. इतकी सफाई मी नंतर कोणत्याही सरकारी कामात पाहिली नाही.)

रात्री तिला शाळेत ठेवणं शक्य नव्हतं. गुरुजी धुळ्याहून येऊन-जाऊन करायचे. रोज संध्याकाळी एकेकाने घरी न्यायचं ठरलं आणि यादी करायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. मी दोन तास बसून वहीचं पान आखलं. गल्लीनिहाय नावं घातली, खोका लांब चालवत न्यावा लागू नये म्हणून. अगदी आबांच्या पद्धतीने, वरच्या बारीपासून खालच्या बारीपर्यंत. पान भिंतीला खळीने चिकटवलं.

तलाठी ते पान बराच वेळ बघत उभा राहिला.

तलाठी हे त्याचं आम्ही ठेवलेलं नाव. तो भिलाटीतला. गावाच्या खाली, नाल्यापलीकडे, वीस-बावीस कुडाची घरं होती, भिल्लांची, ती भिलाटी. तिथली सहा मुलं आमच्या खोलीत होती, पण तीन-चार कधी दिसायचीच नाहीत. हा दिसायचा, कारण त्याला मोजायचा नाद होता. कौलं, बैलगाड्या, एसटीतून उतरलेली माणसं. गणितात तो माझ्यापुढे होता हे मला माहीत होतं आणि ते आवडत नव्हतं.

"आठे छत्तीस नावे शेतस," तो म्हणाला. "सहा कोठे गयात?"

मी पानाकडे बघितलं. खरंच छत्तीस. मी मुद्दाम वगळलं नव्हतं, हे आजही शपथेवर सांगेन. मी गल्ल्या मनात फिरत फिरत नावं लिहिली होती आणि माझ्या मनातला रस्ता नाल्यापाशीच संपत होता. आबांच्या पाळीतही भिलाटी नव्हती. त्यांच्यापैकी कोणाचं थळात वावरच नव्हतं, मग पाण्याची पाळी कसली? तलाठीचा बाप आमच्या फडाचा जागल्या होता. रात्रभर उसाला राखण घालायचा, बांधावर बसून. पाणी त्याच्या पायाशेजारून जायचं.

गुरुजी म्हणाले, खाली जागा आहे, सहा नावं वाढव. मी वाढवली. सगळ्यात खाली, म्हणजे पाळी येईपर्यंत दिवाळी.

पण खार तोवर टिकायची चिन्हं नव्हती. आम्ही तिला दूध पाजायचो ते शाईच्या ड्रॉपरने. ड्रॉपर धुतला तरी पहिला थेंब निळसर यायचा. ती डोळे मिटलेली, पण ड्रॉपरचं टोक नाकाला लागलं की पुढचे दोन्ही पाय वर करून ते धरायची. तांदळाच्या दाण्यापेक्षा बारीक बोटं, त्यांना नखंसुद्धा होती. सगळे श्वास रोखून बघायचे. घरोघर दूध वेगळं. कोणी गाईचं, कोणी म्हशीचं, एकाने साखर घालून दिलं, एकाच्या आजीने वर चिमूटभर सुंठ. चौथ्या दिवशी तिला हगवण लागली. शेपटीखालचे केस चिकटले, आणि ती ड्रॉपर धरेना.

तलाठी मागच्या रांगेतून उठून पुढे आला. "मनी माय म्हनस, गायनं नका देऊ. बकरीनं द्या."

बकऱ्या भिलाटीत होत्या. म्हणून यादी भिंतीवर राहिली आणि खोका नाल्यापलीकडे गेला.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी बघायला गेलो. काळजी होतीच, पण खरं कारण वेगळं होतं. माझी यादी मोडली होती आणि काय चाललंय त्यावर कोणीतरी नजर ठेवायला हवी, असं पाटकऱ्याच्या नातवाला वाटत होतं. आमच्या घरापासून भिलाटी दोनशे पावलं असेल. तिथपर्यंत मी त्याआधी कधी गेलो नव्हतो. कोणी जाऊ नको म्हटलेलं आठवत नाही. कोणी जायचंच नाही, एवढंच.

खोका दारात रिकामा पडला होता. माझ्या पोटात गोळा आला. तलाठीची माय चुलीपुढे भाकरी थापत होती. तिने हात झटकले आणि लुगड्याचा ओचा जरासा उलगडून दाखवला. त्रेचाळीस त्यात गोल होऊन झोपली होती. आमच्याकडे रात्री खोक्यावर पंचवीसचा बल्ब लावायचा असं ठरलं होतं आणि वीज गेली की सगळे हवालदिल. भिलाटीत वीजच नव्हती. तिने पिल्लू सरळ अंगाच्या उबेला घेतलं होतं आणि दर थोड्या वेळाने बकरीचं दूध, निम्मं पाणी घालून, कापसाच्या वातीने. ड्रॉपर तलाठीच्या खिशात होता. शाई आहे त्याच्यात, म्हणाली.

मग तिने पाण्याचा तांब्या माझ्यापुढे केला. मी पळत आलो होतो, घशाला कोरड पडली होती. मी म्हणालो, तहान नाही.

तिने तांब्या खाली ठेवला. तलाठी बकरीच्या शेंगा मोजत होता, म्हणजे बाभळीच्या, तिच्यापुढे टाकलेल्या. त्याने वर पाहिलं नाही. मी त्यानंतर रोज जात राहिलो. चौथ्या दिवशी प्यायलो. त्यालाही तो काही म्हणाला नाही. मोजलं मात्र असणार.

आठ-दहा दिवसांत तिने डोळे उघडले. खोका परत शाळेत आला, पण दूध भिलाटीचंच. एका मुलाच्या घरून निरोप आला, भिलाटीत राहिलेला खोका आमच्याकडे नको. गुरुजींनी त्याचं नाव यादीतून काढलं आणि त्या जागी तलाठीचं घातलं. चर्चा केली नाही. मला तेव्हा गुरुजी फार कडक वाटायचे.

त्याच सुमाराला गुरुजींनी आम्हाला सेतूची गोष्ट सांगितली. खारीने वाळूचा कणकण आणला, रामाने तिच्या पाठीवरून बोटं फिरवली, तेव्हापासून तीन पट्टे. वर्ग गहिवरला. तलाठीने हात वर केला.

"गुरुजी, पाच शेतस."

गुरुजींनी चष्मा चढवला, तिला तळहातावर घेतलं, खिडकीशी नेलं. पाठीवर तीन पांढरे पट्टे ठळक, आणि खाली दोन्ही कुशींना एकेक, फिकट, केसांत लपलेला. पाच. वर्ग शांत. मग कोणीतरी मागून म्हणालं, तीन रामाचे, दोन लक्ष्मणाचे. गुरुजींसकट सगळे हसले, तेवढ्यावर तो विषय मिटला. तलाठीचं समाधान झालं नव्हतं. "मंग दोनच बोटे का?" असं तो मला संध्याकाळपर्यंत विचारत होता.

खारींच्या या दोन वेगळ्या जाती आहेत. दक्षिणेकडच्या दमट मुलखातली ती तीन पट्ट्यांची. आपल्या कोरड्या भागातली, उत्तर हिंदुस्थानभर दिसणारी, ती पाच पट्ट्यांची. मला हे कळलं ते नोकरीला लागल्यावर, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं परिशिष्ट चाळताना. तिथे तिचं नाव पट्ट्यांच्या संख्येसकट छापलेलं होतं. सरकारने मोजले होते. (म्हणजे आम्ही केलं ते कायद्यातही बसत नव्हतं. आता पिल्लू पडलेलं दिसलं तर आम्ही केलं तसं करू नये.) आणखी एक असंच उशिरा सापडलेलं. ग्रिअरसन या भाषाशास्त्रज्ञाने भारतभरच्या भाषांची पाहणी केली, त्यातला १९०७ सालचा एक भाग भिली भाषांचा आहे, आणि खानदेशी, म्हणजे आमची अहिराणी, त्याच भागात, त्याच बांधणीत आहे. तलाठीची अहिराणी आणि माझी अहिराणी यांत मला तेव्हा कोण फरक वाटायचा!

कानबाईचा रविवार माझ्या पाळीत आला. यादी माझ्याच हातात होती, त्यामुळे हा योगायोग नव्हता. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी : नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला दागिन्यांनी सजवायचं, रात्रभर गाणी, सोमवारी वाजतगाजत नदीला. आणि रोट. घरात पुरुष किती, त्या हिशेबाने सव्वासव्वा मूठ गहू घेऊन दळायचे. त्याचे रोट. ते फक्त भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्याला कणभर द्यायचं नाही. घरात पाहुणा असला तरी त्याला वेगळं वाढायचं.

त्रेचाळीस तोवर दोन हातांत शेंगदाणा धरून खायला लागली होती. खोक्यात राहायची नाही. मी तिला सदऱ्याच्या आत ठेवून देवघराच्या दाराशी बसलो होतो. तलाठी ओट्यावर होता. तो हल्ली खोक्याबरोबरच यायचा, ज्याची पाळी असेल त्याच्या घरी, दूध घेऊन. ओट्याच्या आत यायचा नाही. त्याला कोणी अडवलेलं मी पाहिलं नाही, आणि ये म्हटलेलंही नाही.

आजी रोटांचं ताट घेऊन निघाली आणि त्रेचाळीस माझ्या गळ्यातून बाहेर आली, खांद्यावर, तिथून आजीच्या हातावर, तिथून ताटात. कोणाला काही कळायच्या आत तिने वरच्या रोटाचा कड तोडला, मागच्या पायांवर बसली आणि दोन्ही हातांत धरून खायला लागली. घरभर हंबरडा. काकू म्हणाल्या, बाटला. आत्याने कानबाईकडे बघून गालांत मारून घेतलं. आबा काहीच बोलेनात. पाळीचा माणूस, पण हा हिशेब त्यांच्या पलीकडचा होता.

आजी ताट हातात तसंच धरून उभी. मग हसली. "तिनी रोट खादा ना? मंग व्हई गयी भाऊबंद!"

सगळं घर हसायला लागलं. तो प्रसंग आमच्याकडे अजून सांगतात. दर कानबाईला कोणीतरी काढतंच, आणि आजीचं ते वाक्य आलं की हसतात. ओट्यावरचं कोणाला माहीत नाही, कारण तिकडे पाठ न करता मीच एकटा बसलो होतो. तलाठीही हसत होता. मग त्याने मला विचारलं, अगदी सरळ, त्याला उत्तर हवं होतं म्हणून :

"हाई आते तुमनी भाऊबंद का?"

मी हो म्हटलं.

"आनि पाळी?"

म्हणजे आता ती तुमच्याच घरी राहणार का, उद्यापासून पाळी बंद का. तो एवढंच विचारत होता. मी म्हटलं, नाही, उद्या पुढच्याची. त्याने मान हलवली आणि दुधाची बाटली उंबऱ्यावर ठेवली. मी उठलो, आत गेलो. रोटाचा तुकडा घेऊन सदऱ्याच्या खिशात घालावा असं मनात आलं, हेही मला आठवतं. घातला नाही. कानबाई बघत होती.

नंतरचं भराभर झालं. पोळ्यापर्यंत तिने खोक्याची एक फळी कुरतडून आरपार केली. गुरुजी म्हणाले, आता हिचं इथलं शिक्षण झालं. दुपारच्या सुट्टीत खिडकीत शेंगदाणे ठेवले की कडुलिंबावरून यायची, खायची, जायची. मग एक दिवसाआड. मग फांदीवरूनच बघायची. गणपतीनंतर तिच्यात आणि बाकीच्या खारींत फरक कळेना. रोज कोणीतरी ओरडायचं, ती बघा, आणि तलाठी म्हणायचा, ती नाही. तो कशावरून सांगायचा, ते त्याने कधी फोडलं नाही. फळ्यावरचा पट पुन्हा ४२ झाला.

दिवाळीची सुट्टी संपली त्या आठवड्यात मुकादमाचा ट्रक आला. भिलाटीतली घरं दरसाल कोयत्यावर जायची, गुजरातेत बारडोलीच्या बाजूला, ऊस तोडायला. मे लागता परत यायची. मला हे माहीत होतं, जसं पांझरेला उन्हाळ्यात पाणी नसतं हे माहीत होतं तसं. त्यातला एखादा माझ्या वर्गातला असतो, हे त्या सकाळी पहिल्यांदा लक्षात आलं. ट्रक शाळेसमोरच्या वडाखाली उभा होता. वर भांडी, गोधड्या, कोंबड्यांचे खुराडे, आणि सगळ्यावर माणसं. बकऱ्या नव्हत्या. विकल्या असतील, किंवा कोणाकडे ठेवल्या असतील. मी विचारलं नाही.

तलाठी मागच्या फाळक्यावर हात ठेवून उभा होता. माणसं मोजून झाली असावीत. त्याने मला पाहिलं आणि ओरडून विचारलं,

"आज कोनी पाळी शे?"

खार जाऊन दोन महिने झाले होते. यादी भिंतीवर होती अजून, खालचा कोपरा सुटून लोंबत होता. शेवटची पाच नावं कधी आलीच नव्हती.

ट्रक सुरू झाला होता. मी त्याच्यामागे थोडं पळालो.

"तुनी," मी म्हटलं. "तुनीच."

लेकीने तिची गोष्ट हॅमस्टरवर लिहिली. बोध तिने स्वतः लिहिला, दोनपैकी दोन मिळाले.